गवत, गाय आणि गळ्यातली ग्रंथी

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर कंबरलंड नावाचा परगणा होता. गवताळ, पावसाळी, दूधदुभत्याचा मुलूख. १९५७ च्या ऑक्टोबरात तिथल्या काही शेतकऱ्यांच्या दारी पोलीस निरोप घेऊन आले की, आजपासून तुमच्या गाईंचं दूध विकायचं नाही. गाई ठणठणीत होत्या. दूध फाटत नव्हतं, त्याला वास येत नव्हता, त्यात कुणी पाणी घातलेलं नव्हतं. जगातल्या कुठल्याही डेअरीने ते एक नंबरचं म्हणून मापून घेतलं असतं.

जवळच विंडस्केलची अणुभट्टी होती. ब्रिटनच्या अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करणारी ही भट्टी आतून पेटली असल्याचं १० ऑक्टोबरला लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडून ती विझवली गेली. तोवर चिमणीतून जे जायचं ते गेलं होतं. माणसांनी श्वासावाटे काय घेतलं याची चिंता सुरुवातीला होती. पण आसपासच्या दुधाचे नमुने तपासल्यावर खरी अडचण कुठे आहे ते कळलं. दुधात आयोडीन-१३१ उतरलं होतं.

आता प्रश्न असा की, किती उतरलं तर दूध टाकून द्यायचं? याचं उत्तर तोवर कुठल्या सरकारी नियमावलीत लिहिलेलं नव्हतं. तज्ज्ञांनी ते घाईघाईत आकडेमोड करून काढलं. मोठ्या माणसाला काय चालेल असा हिशेब त्यांनी केला नाही. भरपूर दूध पिणारं लहान मूल धरून केला. लिटरला एक दशांश मायक्रोक्युरी, म्हणजे आजच्या एककात ३,७०० बेकरेल. लिटरभर दुधात सेकंदाला ३,७०० अणू फुटत असतील तिथवर चालेल, त्यापुढे नाही. या आकड्याच्या आधारे सुमारे ५०० चौरस किलोमीटर टापूतलं दूध साधारण महिनाभर गोळा करून ओतून देण्यात आलं. शेतकऱ्यांना भरपाई मिळाली. पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी आगीच्या चौकशीचा संपूर्ण अहवाल मात्र दाबला. तो लोकांपुढे यायला तीस वर्षं जावी लागली. दूध ओतलं, अहवाल झाकला. तरी दुधाच्या बाबतीत सरकारने जे केलं ते बरोबर केलं, आणि मुख्य म्हणजे दोन-तीन दिवसांत केलं. हे साल लक्षात ठेवायला हवं. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं की काय होतं आणि त्यावर काय करायचं, हे १९५७ मध्ये माहीत झालेलं होतं. पुढे जी मुलं आजारी पडली ती अज्ञानाने पडली नाहीत.

युरेनियमचा अणू फुटला की त्याचे जे तुकडे उरतात त्यांत हे आयोडीन असतं. उष्णतेने ते सहज वायुरूप होतं, त्यामुळे अणुभट्टी फुटली किंवा बॉम्ब उडाला की लांबवर जाणाऱ्या पदार्थांत ते आघाडीवर असतं. वाटेत पाऊस लागला तर ढगातून धुऊन एकाच शिवारावर उतरतं आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं. मिठातल्या साध्या आयोडीनमध्ये आणि याच्यात शरीराला काही फरक कळत नाही. फरक अणूच्या गाभ्यात आहे. आठ दिवसांत यातले निम्मे अणू फुटून झेनॉन वायू होतात आणि फुटताना बीटा कण बाहेर फेकतात. हे कण मांसात दोन-अडीच मिलिमीटरपलीकडे जात नाहीत. म्हणजे आयोडीन जिथे साठेल तिथेच मार.

गवतावर पडलेलं आयोडीन तसं विरळ असतं. त्या कुरणात उभं राहिल्याने कुणाला फारसं काही होत नाही. पण गाय दिवसभरात शंभराहून अधिक चौरस मीटरवरचं गवत साफ करते. एवढ्या जागेवर पसरलेलं ते सगळं ती झाडूने केर लोटावा तसं गोळा करते आणि त्याचा एक हिस्सा कासेत उतरवते. सकाळी चरलेलं संध्याकाळच्या धारेत दिसू लागतं आणि दोन-तीन दिवसांत प्रमाण कळसाला पोचतं. गाईने दिवसात पोटात घेतलेल्या आयोडीनपैकी फार तर एखादा टक्का लिटरभर दुधात येतो. ऐकायला थोडा वाटतो, पण शंभर चौरस मीटरांवरच्या गोळाबेरजेचा एक टक्का पेल्यात आला तर तो थोडा नसतो. शेळीच्या दुधात हे प्रमाण आणखी कितीतरी पट जास्त असतं.

दुधातच का? कारण दूध वासरासाठी आहे. वासराच्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं, म्हणून कासेतल्या पेशींना रक्तातून आयोडीन खेचून घेण्याची सोय निसर्गाने करून ठेवली आहे. थायरॉइडच्या पेशींत ज्या प्रथिनाच्या दारातून आयोडीन आत शिरतं, तेच प्रथिन स्तनग्रंथीतही असतं. आईच्या अंगावरच्या दुधालाही हाच नियम लागू. पिल्लाच्या भल्यासाठी असलेली ही वाट आहे आणि विष त्याच वाटेने येतं.

मुलांचं गणित इथून सुरू होतं. मोठ्या माणसाची थायरॉइड वीसएक ग्रॅमची, वर्षभराच्या बाळाची जेमतेम दोन. दोघांनी एकेक पेला तेच दूध घेतलं तर दोघांच्या ग्रंथी त्यातलं जवळपास सारख्याच प्रमाणात आयोडीन ओढून घेतात. पण बाळाच्या गळ्यात ते दहापट लहान जागेत कोंबलं जातं. मात्रा साधारण दहापट. शिवाय बाळाचं अन्नच दूध. त्याचा बाप चहापुरतं दूध घेत असेल. आणि तिसरी गोष्ट म्हणजे वाढत्या वयात ग्रंथीच्या पेशी भराभर दुभंगत असतात. अशा वेळी जनुकांचा धागा तुटून चुकीच्या ठिकाणी जोडला गेला तर ती चूक पुढच्या पेशींत उतरत जाते. चेर्नोबिलच्या मुलांच्या गाठींत आरईटी नावाच्या जनुकात नेमकी अशी तुटजोड वारंवार सापडली.

आपल्या घरांत दुधाबद्दलची कुठलीही शंका उकळी आणून मिटवतात. इथे उकळीचा उपयोग शून्य. अणूच्या गाभ्याला गॅसची आच लागत नाही. उलट पाणी आटलं तर उरलेल्या दुधात प्रमाण चढतंच. उपयोग होतो तो थांबण्याचा. आठ दिवसांनी निम्मं, सोळा दिवसांनी पाव, ऐंशी दिवसांनी हजारावा हिस्सा. म्हणून ताजं दूध न पिता त्याची भुकटी किंवा चीज करून तीन महिने ठेवून दिलं तर आयोडीनपुरतं ते निर्धोक होतं. त्याहून सोपं म्हणजे गाईला कुरणात सोडायचंच नाही, गोठ्यात बांधून जुना चारा घालायचा. गंजीतला झाकलेला कडबा अणुस्फोटाच्या आधी कापलेला असतो; त्याच्यावर काही पडलेलं नसतं. आधुनिक काळातल्या एका भयंकर धोक्यावर उपाय काय, तर गाय दावणीला बांधा आणि चार-सहा आठवडे ताजं दूध मुलाला देऊ नका. यात न परवडणारं काही नाही. अट एकच की, हे कुणीतरी वेळेवर सांगितलं पाहिजे.

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे सव्वा वाजून गेल्यावर चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. विंडस्केलहून बाहेर पडलेल्या आयोडीनच्या दोन हजारपटींहून अधिक आयोडीन इथून बाहेर पडलं. अणुभट्टीला लागून असलेलं प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी रिकामं केलं आणि तिथे आयोडीनच्या गोळ्याही वाटल्या. सोव्हिएत टीव्हीने २८ तारखेच्या रात्री चार ओळींची बातमी दिली, तीही स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रातले किरणमापक वाजले आणि जगाने विचारणा सुरू केली म्हणून. १ मे रोजी कीव्हमध्ये कामगार दिनाचं संचलन नेहमीसारखं झालं, त्यात शाळकरी मुलं होती. दुधातल्या आयोडीनची मर्यादा ठरवणारा आदेश निघाला ६ मे रोजी. दहा दिवस. तोवर पहिल्या आयोडीनचं एक अर्धआयुष्य उलटून गेलं होतं आणि ते कुठे फुटलं हे सांगायला नको.

बेलारूसच्या गोमेल भागात, युक्रेनच्या उत्तरेत, रशियाच्या ब्रियान्स्क प्रांतात खेड्यातल्या घराला एखादी गाय असायची. सामूहिक शेतीच्या डेअरीत जाणारं दूध निदान एकत्र व्हायचं, तपासलं जाण्याची शक्यता असायची, पोचायला दोन-तीन दिवस लागायचे. घरच्या गाईचं दूध सकाळी काढलं की सकाळीच मुलाच्या हातात. विश्वासाचं, भेसळ नसलेलं, आपल्या डोळ्यांदेखत काढलेलं. शहरातल्या पिशवीच्या दुधापेक्षा घरचं दूध चांगलं असं आपण म्हणतो, आणि एरवी ते खरंही असेल. इथे मात्र सगळा धोका त्या घरचेपणात होता. त्यात या प्रदेशाची माती मुळात आयोडीनला दरिद्री. ग्रंथी आधीपासून उपाशी, त्यामुळे जे आयोडीन आलं ते तिने अधाशासारखं घेतलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की, आयोडीनची कमतरता असलेल्या भागांत कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट होता.

शेजारच्या पोलंडमध्ये काय झालं ते याच्यासमोर ठेवून पाहावं. तिथेही साम्यवादी सरकार होतं आणि मॉस्कोकडून त्यांनाही धड काही सांगण्यात आलेलं नव्हतं. २८ एप्रिलला सकाळी त्यांच्या मापनकेंद्रांवर आकडे चढले. २९ ला निर्णय झाला आणि त्याच संध्याकाळपासून मुलांना आयोडीनचं द्रावण पाजायला सुरुवात झाली. गोळ्यांचा पुरेसा साठा नव्हता, म्हणून औषधविक्रेत्यांकडे जुन्या काळापासून असलेलं ल्युगोलचं द्रावण घेतलं. चवीला घाण, पण कामाचं. काही दिवसांत १ कोटी ५ लाख मुलांना आणि ७० लाख मोठ्यांना ते दिलं गेलं. गाईंना ताज्या चाऱ्यावर सोडायला बंदी केली आणि चार वर्षांखालच्या मुलांना भुकटीचं दूध दिलं. पोलंडवर पडलेलं आयोडीन गोमेलच्या मानाने कमी होतं हे खरं, त्यामुळे दोन्हीकडच्या रुग्णसंख्यांची थेट तुलना करणं योग्य नाही. पण तीन दिवसांत एवढं करता येतं हे पोलंडने दाखवलं.

बेलारूसमध्ये लहान मुलांचा थायरॉइड कर्करोग इतका दुर्मीळ होता की, १९८६ ते १९८९ या काळात वर्षाला सरासरी चार रुग्ण दिसत. १९९१ मध्ये ५५ दिसले. मिन्स्कमधले शल्यचिकित्सक येवगेनी देमिदचिक यांच्याकडे ही मुलं येत होती. त्यांनी, वासिली काझाकोव्ह आणि लारिसा आस्ताखोवा यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये पत्र लिहून हे जगापुढे मांडलं. पश्चिमेकडच्या अनेक तज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. आदल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या प्रकल्पाने तिथे किरणोत्साराशी थेट जोडता येईल असा आजार दिसला नसल्याचं म्हटलं होतं. हिरोशिमाच्या अनुभवावरून असे कर्करोग यायला दहाएक वर्षं लागायला हवी होती, इथे चारच झाली होती. शिवाय थायरॉइडच्या आजारांवर आयोडीन-१३१ औषध म्हणून दिलेल्या रुग्णांत कर्करोग वाढल्याचं दिसलं नव्हतं. या युक्तिवादातली फट एवढीच की, ते रुग्ण बहुतेक प्रौढ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने मिन्स्कला गेलेल्या पथकाने गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि निदान खरं असल्याचं सांगितलं.

तरीही एक शंका रास्त होती. तपासणी वाढली की रोग जास्त सापडतो, मग हे त्यामुळे नसेल कशावरून? तिचं उत्तर जपानी संशोधकांनी गोमेलमध्ये फार साध्या पद्धतीने दिलं. त्यांनी मुलांचे जन्मतारखेवरून तीन गट केले आणि सगळ्यांची एकाच पद्धतीने सोनोग्राफी केली. स्फोटाआधीच्या तीन-सव्वातीन वर्षांत जन्मलेली ९,७२० मुलं: ३१ जणांना कर्करोग. स्फोटाच्या वेळी आईच्या पोटात असलेली, म्हणजे १९८६ च्या अखेरीपर्यंत जन्मलेली २,४०९ मुलं: एकाला. आणि १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेली ९,४७२ मुलं: एकालाही नाही. त्याच गावात, त्याच मातीत, त्याच डॉक्टरांच्या हाताखाली. फरक एवढाच की, तिसऱ्या गटाने पहिला घोट घेतला तेव्हा आयोडीन संपलेलं होतं. मातीत किरणोत्सारी सीझियम तेव्हाही होतं. दोषी कोण ते या तीन आकड्यांनी दाखवून दिलं.

२००५ पर्यंत तिन्ही देशांतल्या, दुर्घटनेच्या वेळी अठरा वर्षांखाली असलेल्यांमध्ये ६,८४८ थायरॉइड कर्करोग नोंदले गेले. यातले सगळे किरणोत्सारामुळे झालेले नव्हेत, पण मोठा हिस्सा त्या पहिल्या काही आठवड्यांच्या दुधाचा. मृत्यू १५. हा कर्करोग शस्त्रक्रियेने आटोक्यात येतो म्हणून मृत्यू कमी. काही लोक हा पंधराचा आकडा ‘पाहा, काही फार झालं नाही’ अशा सुरात सांगतात. ग्रंथी काढून टाकलेल्या मुलीला रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि गळ्यावर आडवा व्रण राहतो, ज्याला तिकडे ‘चेर्नोबिलचा हार’ म्हणत. जे दूध ओतून देता आलं असतं, त्याच्यापायी हे.

आता लोकशाही देशातली गोष्ट. अमेरिकेने १९५१ ते १९६२ या काळात नेवाडाच्या वाळवंटात शंभराच्या आसपास अणुबॉम्ब उघड्या हवेत उडवले. वारा बहुधा पूर्वेकडे, म्हणजे कुरणांकडे आणि गावांकडे. या काळात प्रत्येक आईला सरकार, डॉक्टर आणि डेअऱ्या मुलाला भरपूर दूध द्या म्हणून सांगत होत्या. ‘कोडॅक’ या फिल्म कंपनीला हा किरणोत्सार फार लवकर कळला होता, कारण तिच्या फिल्मवर डाग पडत होते. १९४५ च्या पहिल्या चाचणीनंतर फिल्मच्या वेष्टनाच्या पुठ्ठ्यातून किरणोत्सार आला होता. १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला, कंपनीच्या दारात, किरणोत्सारी बर्फ पडलं. कंपनीने तक्रार केली, तेव्हा अणुऊर्जा आयोगाने फिल्म बनवणाऱ्यांना चाचण्यांची आणि धुराळा कुठे जाणार याची आगाऊ सूचना द्यायचं कबूल केलं. दूध उत्पादकांना किंवा दूध पाजणाऱ्यांना अशी सूचना कुणी दिली नाही. १९९७ मध्ये सिनेटपुढच्या सुनावणीत सिनेटर टॉम हार्किन यांनी हे बाहेर काढलं, तेव्हा त्यांचा संताप समजण्यासारखा होता. त्यांचा भाऊ थायरॉइड कर्करोगाने गेला होता.

त्याच साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने प्रत्येक काउंटीत किती आयोडीन पोचलं याचा अहवाल दिला. काँग्रेसने हे काम कायद्याने सांगितलं होतं १९८३ मध्ये. अहवालावरून पुढे अंदाज निघाला की, या चाचण्यांमुळे ११,००० ते २,१२,००० थायरॉइड कर्करोग होऊ शकतात. एवढी मोठी दरी पाहूनच कळावं की, चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या मुलाने कुठल्या गाईचं किती दूध प्यायलं हे मागून शोधणं किती अवघड असतं.

त्या काळात लोकांना आयोडीनपेक्षा भीती वाटत होती स्ट्रॉन्शियम-९० ची. ते कॅल्शियमच्या जागी हाडात जाऊन बसतं आणि त्याचं अर्धआयुष्य सुमारे २९ वर्षं. सेंट लुइसमध्ये डॉक्टर लुईस रीस, जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर आणि इतर नागरिकांनी १९५८ च्या अखेरीस मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. दाताचा मुकुट पोटात असताना आणि पहिल्या वर्षात घडतो आणि मग बदलत नाही. त्यामुळे त्या काळात शरीरात आलेल्या स्ट्रॉन्शियमची नोंद त्यात कायमची राहते. आपल्याकडे पडलेला दात छपरावर फेकतात, तिकडे उशीखाली ठेवतात. या मुलांनी तो पाकिटात घालून पाठवला आणि ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असा बिल्ला मिळवला. सुमारे ३,२०,००० दात जमले. १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत १९५० मध्ये जन्मलेल्यांच्या सुमारे पन्नासपट स्ट्रॉन्शियम निघालं. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, त्यामागे या दातांचा रेटाही होता.

स्ट्रॉन्शियमने किती मुलं आजारी पडली याचा आयोडीनसारखा ठसठशीत पुरावा मात्र पुढे आला नाही. आणि गंमत अशी की, स्ट्रॉन्शियमच्या बाबतीत गाय चाळणीचं काम करते. चाऱ्यात कॅल्शियमच्या तुलनेत जेवढं स्ट्रॉन्शियम असतं, त्याच्या साधारण दहावा हिस्साच दुधात येतो. कॅल्शियम धान्यातून मिळवणाऱ्यांच्या हाडांत त्या मानाने जास्तच जाणार. दुधाला तेव्हा जो बट्टा लागला तो स्ट्रॉन्शियममुळे, आणि दुधाचा खरा गुन्हा होता आयोडीनचा.

तिसरा पदार्थ सीझियम-१३७, अर्धआयुष्य तीस वर्षं. ते पोटॅशियमचं सोंग घेऊन स्नायूंत पसरतं. याच्या बाबतीत मुलांची बाजू थोडी बरी आहे. मोठ्याच्या शरीरातून निम्मं बाहेर पडायला तीन-साडेतीन महिने लागतात, तान्ह्या बाळाच्या शरीरातून काही आठवडेच. पण मातीत ते वर्षानुवर्षं राहतं आणि दरवर्षी नव्या गवतात येतं. नॉर्वेमध्ये म्हणूनच जनावरांना प्रशियन ब्लू नावाचं निळं रसायन खाऊ घालत. ते आतड्यातच सीझियमला धरून शेणावाटे बाहेर नेतं.

या सीझियमचा वाद चेर्नोबिलनंतर मुंबईच्या गोदीत येऊन ठेपला. दुग्धविकासाच्या कार्यक्रमासाठी युरोपीय समुदायाकडून आलेलं सुमारे २०० टन आयरिश लोणी इथे उतरलं. किरणोत्साराचा संशय असलेला माल भारतीयांच्या माथी मारताहेत अशी शंका घेऊन काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे याचिका फेटाळली गेली, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आतलं लोणी खायला हरकत नाही असं समितीने सांगितलं आणि १९८८ मध्ये खटला मिटला. याचिकाकर्त्यांची शंका वावगी नव्हती. पण दुधातलं सीझियम पाण्यात विरघळतं. घुसळलं की ते ताकात राहतं, लोण्यात फार थोडं येतं, तुपात तर जवळजवळ नाहीच. दूधभुकटीबद्दल हीच याचिका असती, तर ती शास्त्राच्या दृष्टीने जास्त भक्कम ठरली असती.

तारापूरला १९६९ पासून अणुवीज होते आहे. तिथल्या पर्यावरण प्रयोगशाळेत आसपासच्या गावांतलं पाणी, मासळी, भाजीपाला यांच्यासोबत दूधही तपासायला जातं. केंद्रातून काही निसटलंच तर ते सगळ्यात आधी बोलून दाखवणाऱ्या नमुन्यांत दूध येतं. आयोडीनच्या गोळ्या हा संकटकाळच्या आराखड्याचा भाग असतो. गोळीचं तत्त्व असं की, ग्रंथीची कोठी आधीच साध्या आयोडीनने गच्च भरून टाकायची, म्हणजे मागून आलेल्या किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. ढग येण्याच्या थोडं आधी किंवा आल्यावर काही तासांत घेतली तरच उपयोग. मोठ्याला १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, तीन ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मं, त्याहून लहानाला त्याच्याही निम्मं, नवजाताला १६ मिलिग्रॅम. सीझियम-स्ट्रॉन्शियमवर गोळीचा काही परिणाम नाही. आणि मिठाने हे काम होत नाही. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्रातल्या दुर्घटनेच्या बातम्या ऐकून चीनमध्ये लोकांनी दुकानांतलं आयोडीनयुक्त मीठ संपवलं. आपल्याकडच्या मिठात दशलक्ष भागांत निदान पंधरा भाग आयोडीन असावं असा नियम आहे. त्या हिशेबाने एका मोठ्या गोळीएवढं आयोडीन मिळवायला साडेसहा किलो मीठ खावं लागेल.

फुकुशिमात दुधाने मुलांचा घात केला नाही. मार्चची थंडी होती, गाई बहुतेक गोठ्यात होत्या. ११ मार्चच्या भूकंपानंतर दहा दिवसांच्या आत त्या प्रांतातलं दूध बाजारात जाणं बंद झालं. २३ मार्चला टोकियोच्या नळाच्या पाण्यात लिटरला २१० बेकरेल आयोडीन निघालं आणि तान्ह्या बाळांसाठीची मर्यादा १०० होती. लगेच बाळांच्या घरांना बाटलीबंद पाणी वाटलं गेलं. नंतर सोनोग्राफीने लाखो मुलांचे गळे तपासले, तेव्हा शेकडो गाठी सापडल्या. पण संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सार समितीच्या मते मुलांना मिळालेली मात्रा इतकी कमी होती की, हा आकडा बारकाईने शोधल्याचा परिणाम आहे. गोमेलमध्ये जी शंका चुकीची ठरली, ती इथे खरी ठरली.

गोळ्यांचं मात्र तिथेही बिनसलं. गावोगावी साठा होता, पण वरून हुकूम येत नव्हता आणि हुकमाशिवाय कुणी पेट्या उघडत नव्हतं. अणुकेंद्रापासून पन्नासएक किलोमीटरवरच्या मिहारू नावाच्या छोट्या गावात नगरपालिकेच्या लोकांनी १५ मार्चला हवामानाचा अंदाज पाहिला. वारा पूर्वेचा, पाऊस येणार. त्यांनी चाळिशीच्या आतल्या रहिवाशांना स्वतःच्या जबाबदारीवर गोळ्या वाटून टाकल्या. प्रांताच्या कचेरीतून फोन आला की, परवानगीशिवाय वाटलेल्या गोळ्या परत गोळा करा. गावाने ते ऐकलं नाही. पुढे जपानने नियम बदलले. आता अणुवीज केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आतल्या घरांत गोळ्या आधीच देऊन ठेवतात.